जोडासांकोची घरगुती नाट्यशाला

कलकत्त्यात तिकीट काढून बंगाली नाटक पाहण्याची सोय सर्वसामान्य माणसास १८७२ च्या डिसेंबरात झाली. त्यापूर्वीची सुमारे चाळीस वर्षे बंगाली नाटक धनिकांच्या वाड्यांत, त्यांच्या बागबंगल्यांत आणि दिवाणखान्यांत वाढले. खर्च यजमानाचा, नट यजमानाचे आप्त आणि स्नेही, आणि प्रेक्षक निमंत्रित. या कालखंडाची श्रीमंतांची करमणूक म्हणून दोन ओळींत वासलात लावण्याची रीत पडून गेली आहे, आणि ती रीत मला अन्यायाची वाटते. ज्या घरात उत्पन्नाची विवंचना नव्हती त्या घरात नाटकाला उसंत मिळाली, आणि ज्या दारातून केवळ ओळखीचा माणूस आत येऊ शके त्या दाराच्या आत प्रतिष्ठित कुटुंबांना रंगभूमीची हळूहळू सवय होऊ शकली. जोडासांको येथील ठाकूर घराण्याच्या नाट्यशाळेचा अल्प इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

या नाट्यशाळेला पूर्वपीठिका होती. लेबेदेफ नावाच्या रशियन वादकाने १७९५ साली कलकत्त्यात बंगाली नट-नटी घेऊन एक इंग्रजी प्रहसन भाषांतर करून रंगभूमीवर आणले होते खरे, परंतु तो प्रयत्न त्याच्याबरोबरच संपला. १८३१ मध्ये प्रसन्नकुमार ठाकूर यांनी आपल्या बागेत 'हिंदू थिएटर' उघडले, तेव्हा तेथे शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर'मधील प्रवेश आणि भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चे विल्सनकृत भाषांतर झाले; दोन्ही इंग्रजीत. शामबाजारच्या नवीनचंद्र बसूंनी १८३५ साली 'विद्यासुंदर' करविले, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. प्रवेश वाड्याच्या निरनिराळ्या भागांत मांडलेले असत व प्रेक्षक एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जात. पुढे पाइकपाड्याचे राजे प्रतापचंद्र आणि ईश्वरचंद्र सिंह या बंधूंनी आपल्या बेलगाछिया येथील बंगल्यात ३१ जुलै १८५८ रोजी 'रत्नावली' रंगभूमीवर आणले. श्रीहर्षाच्या संस्कृत नाटकाचे हे बंगाली रूप रामनारायण तर्करत्नांचे. वाद्यवृंद क्षेत्रमोहन गोस्वामी व यदुनाथ पाल यांनी सिद्ध केलेला. प्रेक्षकांत खुद्द बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडेसाहेब. युरोपीय पाहुण्यांसाठी नाटकाचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम मायकेल मधुसूदन दत्त यांच्याकडे आले, आणि एवढा द्रव्यव्यय व एवढे परिश्रम एका सामान्य नाटकावर होत आहेत हे पाहून त्या मानी पुरुषाने स्वतःच लेखणी उचलली. त्यांचे 'शर्मिष्ठा' नाटक १८५९ च्या सप्टेंबरात त्याच रंगभूमीवर झाले. याच मंडळीत यतींद्रमोहन ठाकूर यांच्याशी निर्यमक पद्याविषयी वाद होऊन मधुसूदनांनी 'तिलोत्तमासंभव' काव्याला हात घातला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एका बंगल्यातल्या हौशी तालमींनी बंगाली वाङ्मयाला काय दिले याची कल्पना येते. १८६१ मध्ये ईश्वरचंद्र सिंह निवर्तले आणि बेलगाछियाचा पडदा कायमचा पडला. मधुसूदनांनी या रंगभूमीकरिता लिहिलेली दोन प्रहसने तेथे कधीच झाली नाहीत.

जोडासांकोतील तरुणांना स्फूर्ती झाली ती मात्र कोणा राजाच्या बंगल्यामुळे नव्हे; गोपाल उडे याची 'जात्रा', म्हणजे बंगाली लोकनाट्य, पाहून आपणही नाटक करावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढाकार गुणेंद्रनाथ आणि त्यांचे चुलतबंधू ज्योतिरिंद्रनाथ यांचा. दोघेही त्या वेळी विशीच्या आतले. कृष्णबिहारी सेन, अक्षय चौधुरी आणि घरचे जावई यदुनाथ मुखोपाध्याय या तिघांना मिळवून त्यांनी पाच जणांची एक समिती केली आणि तिला 'कमिटी ऑफ फाइव्ह' असेच नाव दिले. नाटके झाली ती गुणेंद्रनाथांच्या घरी, म्हणजे द्वारकानाथ ठाकुरांनी पाहुण्यांच्या सरबराईसाठी बांधलेल्या बैठकीच्या इमारतीत. द्वारकानाथांचे थोरले पुत्र व ज्योतिरिंद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी ब्राह्मधर्म स्वीकारल्यानंतर कुलदेवतेच्या पूजेवरून कुटुंबाच्या दोन शाखा झाल्या होत्या. मूर्तिपूजा राखणारी धाकटी पाती या इमारतीत राहत असे, आणि देवेंद्रनाथांचा परिवार शेजारच्या मूळ घरात. पूजेअर्चेत दुभंगलेली ही दोन घरे नाटकाच्या निमित्ताने पुन्हा एका छपराखाली बसू लागली, याचे महत्त्व मला नाटकाच्या यशापेक्षाही अधिक वाटते.

आरंभी त्यांनी मधुसूदनांचे 'कृष्णकुमारी' केले. उदेपूरच्या ज्या राजकन्येच्या विवाहापायी राजपुतान्यात कलह माजला आणि ज्या कलहात शिंदे व होळकरांचा सरदार अमीरखान यांचाही हात होता, तिचीच ही शोककथा असल्याने मराठी वाचकास ती सर्वस्वी परकी वाटू नये. ज्योतिरिंद्रनाथ त्यात राजकन्येच्या मातेच्या भूमिकेत उभे राहिले. त्यामागून मधुसूदनांचेच एक प्रहसन झाले. एवढ्यावर त्या वेळचा चांगल्या नाटकांचा साठा संपला, आणि येथेच या तरुणांनी जे केले ते त्यांना इतर शौकीन मंडळींपासून वेगळे काढते. त्यांनी १८६५ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नाटके मागविली, आणि विषय स्वतः नेमून दिले: बहुविवाहाच्या चालीवर उत्तम नाटक लिहिणाऱ्यास दोनशे रुपये, हिंदू स्त्रियांच्या दुरवस्थेवर लिहिणाऱ्यास दोनशे आणि खेड्यातील जमीनदारांच्या वर्तनावर लिहिणाऱ्यास शंभर. ठाकूर घराणे स्वतः मोठे जमीनदार होते, त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार दूरच्या परगण्यांतील जमाबंदीच होता, आणि तरीही जमीनदारांच्या दोषांचे चित्र आपल्याच दिवाणखान्यात उभे करावे म्हणून त्या घरातली मुले इनाम लावीत होती. या गोष्टीचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही असे माझे मत आहे.

बहुविवाहाच्या नाटकाचे काम अखेर स्पर्धेवर न सोडता रामनारायण तर्करत्न यांच्याकडे सोपविण्यात आले. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातील हे पंडित लोकांत 'नाटुके रामनारायण' या नावाने ओळखले जात. कुलीन ब्राह्मणांच्या विवाहव्यापारावर त्यांनी लिहिलेल्या 'कुलीनकुलसर्वस्व' नाटकाला रंगपूरकडील एका जमीनदाराचे पन्नास रुपयांचे पारितोषिक पूर्वीच मिळाले होते. कुलीन घराण्यात जन्मलेल्या ब्राह्मणाने गावोगाव विवाह करीत जावे, हुंडा व मानपान उकळावे, आणि त्या विवाहित स्त्रियांनी जन्मभर माहेरीच कुजावे, अशी ती चाल. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला; ईश्वरचंद्र विद्यासागरांनी या चालीविरुद्धही सरकारात अर्ज गुदरले होते, परंतु तसा कायदा झाला नाही. जेथे कायद्याचा हात पोचला नाही तेथे नाटकाने बोलावे, अशी त्या तरुणांची धारणा दिसते. रामनारायणांनी लिहिलेल्या 'नवनाटका'त गवेशबाबू नावाचा सुखवस्तू गृहस्थ घरी गुणवती पत्नी व मुलगे असताना दुसरे लग्न करतो आणि त्यापायी सगळा संसार धुळीस मिळतो. ६ मे १८६६ रोजी प्यारीचांद मित्र यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरवून पंडितजींना दोनशे रुपये चांदीच्या तबकात घालून देण्यात आले.

मग सुरू झाल्या तालमी. सहा महिने दिवसा नाटकाची तालीम आणि रात्री वाद्यवृंदाची, असा क्रम चालला. धंदेवाईक मंडळीला एवढा अवकाश कोठून मिळणार? तिला आठवड्याला नवा खेळ लावून पोट भरावयाचे असते. येथे घाई नव्हती, म्हणून प्रत्येक गोष्ट मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करून पाहता आली. पडदे चांगल्या चित्रकारांकडून रंगवून घेतले. वनाच्या प्रवेशासाठी पडद्यावर खऱ्या वेली व झाडाच्या डहाळ्या लावल्या आणि त्यांवर जिवंत काजवे डिंकाने चिकटविले. ते धरून आणण्यासाठी माणसे लावली होती व एकेका काजव्यामागे त्यांना दोन आणे मिळत. दिवे मंद झाले म्हणजे ते वन खरे वाटे, असे ज्योतिरिंद्रनाथांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत आहे. सजीव प्राण्याचे असे हाल आज आपल्याला रुचणार नाहीत. पण क्षणभर चमकून जाणाऱ्या एका प्रवेशासाठी एवढा खटाटोप करावासा वाटणे हा हौशी माणसाच्या प्रेमाचा खरा नमुना आहे.

पहिला प्रयोग ५ जानेवारी १८६७ रोजी झाला. स्त्रियांच्या सर्व भूमिका पुरुषांकडे, बहुतेक घरच्या जावयांकडे व स्नेह्यांकडे. गवेशबाबू अक्षय मजुमदारांनी उभा केला. आणि सतरा वर्षांचे ज्योतिरिंद्रनाथ नांदीनंतर येणारी नटी झाले. वाद्यवृंदात हार्मोनियमही तेच वाजवीत. एकदा नटीच्या वेषातच ते हार्मोनियमपाशी बसलेले असताना हायकोर्टाचे न्यायाधीश सीटन-कार वाद्यवृंद पाहण्यासाठी आत आले, आणि शालू व दागिन्यांनी नटलेली ती आकृती दिसताच आपण चुकून जनानखान्यात शिरलो असे समजून क्षमा मागत आल्या पावली परतले. लोकांच्या आग्रहावरून नाटकाचे नऊ प्रयोग झाले.

या काळात देवेंद्रनाथ आपल्या जमीनदारीतील कालीग्राम येथे होते. ब्राह्मसमाजाचे महर्षी, वृत्तीने विरक्त, आणि ब्राह्ममंडळींत नाटक म्हणजे हीन करमणूक अशी समजूत. तेव्हा त्यांची नापसंती येणार अशीच कोणाचीही अपेक्षा असती. परंतु त्यांनी पुतण्यास, म्हणजे गुणेंद्रनाथांचे थोरले बंधू गणेंद्रनाथ यांस, पत्र धाडले ते समाधानाचे. अशा निर्दोष करमणुकीची आपल्या देशात उणीव होती ती आता भरून निघेल, आपल्या मधल्या भावापाशी आपण पूर्वी हाच आग्रह धरला होता आणि तो त्याच्या मुलाने पुरा केला, मात्र हिला दोष लागू देऊ नका, असा त्या पत्राचा आशय. तो मधला भाऊ गिरींद्रनाथ तेरा वर्षांपूर्वीच वारला होता. कुटुंबप्रमुखाचा हा रुकार मिळाला नसता, तर पुढे याच घरात जे घडले ते घडणे अशक्य होते.

त्याच वर्षी, १८६७ मध्ये, नाट्यशाला संपली. ज्योतिरिंद्रनाथ आपले थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याबरोबर मुंबई इलाख्यात अहमदाबादला गेले आणि मंडळी पांगली. आमच्या सांगलीची कथाही आरंभी अशीच आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आज्ञेने आणि त्यांच्या खर्चाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले, १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तल्यावर राजाश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलूखगिरीस निघावे लागले; १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. परंतु भाव्यांच्या माणसांचे पोट त्या नाटकावर अवलंबून झाले होते, म्हणून आश्रय तुटताच ती रस्त्यावर आली आणि त्या रस्त्यावरच मराठी रंगभूमी उभी राहिली. जोडासांकोच्या मुलांना असा निकडीचा प्रसंग नव्हता. त्यांची नाट्यशाला कोठे दौऱ्यावर गेली नाही. ती घरातच जिरली, आणि म्हणून तिचे फळही घरातच शोधावे लागते.

सार्वजनिक रंगभूमी उघडली ती दुसऱ्या हातांनी. बागबाजारच्या मध्यमवर्गीय तरुणांनी ७ डिसेंबर १८७२ रोजी 'नॅशनल थिएटर'चा पहिला खेळ केला. जागा जोडासांकोतल्याच मधुसूदन सान्यालांच्या वाड्यातली, नाटक दीनबंधु मित्रांचे 'नीलदर्पण', निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावरचे. ज्या न्यायाधीशाला नटीच्या वेषातील मुलाने चकविले होते त्याच सीटन-कार यांना या नाटकाच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रसारापायी १८६१ साली ठपका सोसावा लागला होता. ज्योतिरिंद्रनाथांनी पुढे लिहिलेली 'पुरुविक्रम', 'सरोजिनी' ही नाटके याच धंदेवाईक रंगभूमीवर गाजली. घरातल्या तालमींत मिळालेले शिक्षण असे बाहेर उपयोगी पडले.

घरातला क्रम मात्र निराळाच राहिला. सार्वजनिक रंगभूमीने १८७३ मध्ये स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया घेतल्या त्या वेश्यावस्तीतून, कारण कुलीन घरातल्या स्त्रीने तेथे पाऊल टाकणे कल्पनेपलीकडचे होते. आणि त्या कारणास्तव अनेक सभ्य गृहस्थांनी त्या नाटकगृहांकडे पाठ फिरविली. जोडासांकोत २६ फेब्रुवारी १८८१ रोजी विद्वज्जनांच्या संमेलनासाठी 'वाल्मीकिप्रतिभा' ही संगीतिका झाली तेव्हा वाल्मीकी झाले एकोणीस वर्षांचे रवींद्रनाथ, आणि सरस्वतीच्या वेषात बंकिमचंद्रांसारख्या निमंत्रितांपुढे उभी राहिली ती त्यांचे थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांची कन्या प्रतिभा. 'नवनाटका'च्या वेळी ज्या घरात नटीचा शालू मुलग्याने नेसावा लागला, त्या घरातली मुलगी चौदा वर्षांनी स्वतः रंगभूमीवर आली.

पुढचे पाऊल आमच्या मुलखातून पडले. सत्येंद्रनाथ सनदी नोकरीच्या निमित्ताने मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी येथे पडद्याबाहेर वावरू लागल्या, आणि साडी नेसण्याची जी नवी तऱ्हा त्यांनी बंगालात नेली तीही येथेच उचललेली. १८८९ साली सत्येंद्रनाथ सोलापुरास असताना रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले आणि तेथे त्यांनी 'राजा ओ रानी' हे नाटक लिहिले. कलकत्त्यात सत्येंद्रनाथांच्या घरी त्याचा प्रयोग झाला. राजा विक्रम रवींद्रनाथ, देवदत्त सत्येंद्रनाथ, राणी सुमित्रा ज्ञानदानंदिनीदेवी, आणि रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवीही एका भूमिकेत. दीर आणि भावजय राजा-राणी होऊन रंगभूमीवर आल्याबद्दल कलकत्त्याच्या सनातनी वर्तमानपत्रांत टीकेचे काहूर उठले, आणि ठाकूर मंडळींनी आपला नाटकाचा परिपाठ तसाच पुढे चालू ठेवला.