अर्धनारीश्वर

शिव आणि शक्ती एकाच देहात दाखविणारे रूप म्हणजे अर्धनारीश्वर. उजवे अंग पुरुषाचे, डावे स्त्रीचे. घारापुरीच्या मुख्य लेण्यात, त्रिमुखी सदाशिवाशेजारी, इ. स. ६ व्या शतकातील त्याचे भव्य शिल्प आहे. शिवाचा हात नंदीवर विसावलेला, तर पार्वतीच्या हाती आरसा. या रूपाला निव्वळ स्त्री-पुरुष समतेचे चित्र मानणे अपुरे ठरते. मुळात एकच असलेले तत्त्व दोन भासते, असे ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीला वंदन करताना मांडले आहे. हठयोगात हीच जोडी चंद्र-सूर्य नाड्यांच्या रूपाने श्वासात उतरते. युरोपातील किमयागारांचा द्विमुखी ‘रेबिस’ही राजा-राणीच्या मीलनातून घडतो, तेथे गंधक पुरुष आणि पारा स्त्री. गंमत अशी, की आपल्या रसशास्त्रात नेमके उलट: पारा शिवाचा, गंधक पार्वतीचे.