उलटी युद्धनौका, फोर्थचा पूल आणि मोटारीची डिकी

मे १९२८. स्कॉटलंडच्या फोर्थ खाडीत एक जर्मन युद्धनौका रेल्वे पुलाच्या दिशेने येत आहे. तिच्या तोफा दिसत नाहीत, धुराडी दिसत नाहीत. कारण ती उलटी आहे. तळ आकाशाकडे, तोफा पाण्याखाली. त्या तळावर लहान खोल्या बांधून माणसे राहत आहेत आणि आतली हवा निसटू नये म्हणून अहोरात्र कॉम्प्रेसर चालवत आहेत. (धागा थोडा लांब आहे.)

ही 'मोल्टके'. १६ डिसेंबर १९१४ रोजी इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरावर तोफा डागणाऱ्या नौकांपैकी एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमार स्कापा फ्लो येथे नजरकैदेत होते. २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनीच ते बुडवले. आठ वर्षांनी अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यावसायिकाने 'मोल्टके'मध्ये हवा भरून तिला वर काढले, आणि आता तिला तोडण्यासाठी रोसाइथच्या गोदीत न्यायचे होते.

पुलाजवळ वाट दाखवण्यासाठी दोन पायलट हजर झाले, एक नौदलाचा आणि एक खाडीचा. नौका कोणी न्यायची यावर दोघांत वाद जुंपला. तो मिटेपर्यंत प्रवाह थांबणार थोडाच! पुलाअलीकडच्या इंचगार्वी बेटाच्या एका बाजूने टग आणि दुसऱ्या बाजूने नौका अशी अवस्था झाली. शेवटी दोर सोडावे लागले, आणि वीस हजार टनांहून अधिक वजनाचे ते धूड कोणाच्याही ताब्यात नसताना पुलाखालून निघून गेले. खांबाला धक्का लागला नाही, हे केवळ दैव.

हा प्रसंग आठवण्याचे निमित्त एका छंदाचे आहे. हुबेहूब प्रतिकृती करायच्या, त्या रेडिओने चालवायच्या आणि तळ्यात एकमेकींवर खरोखर गोळ्या झाडून बुडवायच्या, असा तो छंद. त्याचे आजचे रूप १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, टेक्सासमध्ये घडले. लढाई तळ्यावर होते हे खरे. परंतु कोणती नौका बांधावी, हा निर्णय बहुतेक वेळा तळ्यापर्यंतच्या रस्त्यावर होतो. मोठ्या आरमारांचेही तसेच होते.

आधी पूर्वज पाहू. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी छोटी नाव दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळाले. तो तिला खेळणे समजत नव्हता, भविष्यातील शस्त्र समजत होता. योगायोग असा की फ्रेड जेनच्या जगभरच्या युद्धनौकांच्या प्रसिद्ध संदर्भग्रंथाची पहिली आवृत्तीही १८९८ चीच, आणि त्या ग्रंथाचे नाते त्याने रचलेल्या आरमारी युद्धखेळाशी होते. म्हणजे एकाच वर्षी एकाने नाव दुरून हाकली आणि दुसऱ्याने प्रत्येक नौकेची तोफ व चिलखत कागदावर मांडले. हा छंद या दोघांचा वारस आहे.

तिसरा पूर्वज मला अधिक प्रिय आहे. इंग्लंडच्या स्कारबरो गावातील पीझहोम उद्यानाच्या तळ्यात १९२७ पासून उन्हाळ्यात लुटुपुटूची नाविक लढाई होते. तेथील नौका इतक्या मोठ्या की आत माणूस बसून त्या चालवतो. ज्या सकाळी 'मोल्टके' हार्टलपूलवर आग ओकत होती, त्याच सकाळी तिच्या सोबतच्या दोन जर्मन नौका याच स्कारबरोवर मारा करत होत्या. अवघ्या तेरा वर्षांत त्या गावाने तळ्यात आरमारी लढाईचा खेळ मांडला.

आता आजचा खेळ. प्रमाण १:१४४, म्हणजे मूळ नौकेचे बारा फूट ते प्रतिकृतीचा एक इंच. नौका कल्पनेतली चालत नाही. साधारण १९०० ते १९४६ या काळातील खऱ्या आराखड्याबरहुकूम हवी. सांगाडा फायबरग्लासचा किंवा लाकडी बरगड्यांचा, आणि बरगड्यांमधील खिडक्यांवर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ बाल्सा लाकडाची कातडी. तोफा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर पोलादी गोळ्या फेकतात. गोळी बाल्सा फोडते, पाणी आत शिरते, आतला छोटा पंप ते बाहेर टाकत राहतो, आणि पंप हरला की नौका बुडते. जलरेषेखालच्या छिद्राला वरच्या छिद्राहून कितीतरी अधिक गुण मिळतात. काठावरच्या प्रत्येकाने डोळ्यांना सुरक्षा चष्मा लावलाच पाहिजे. यात सवलत नाही.

खेळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एका पंथात सर्वांच्या गोळ्या सारख्याच, सुमारे ४.५ मिलिमीटरच्या, आणि मारा वेगवान. दुसऱ्या पंथात मूळ तोफ जितकी मोठी तितकी गोळी मोठी, आणि मूळ चिलखत जितके जाड तितकी कातडी जाड. इतिहासाची आवड असलेल्यांना दुसरा पंथ भुरळ घालतो. मात्र नवख्याने आपल्या जवळच्या तळ्यावर जो पंथ असेल तोच धरावा. समोर कोणी नसताना एकट्याने लढता येत नाही.

आता हिशेब करू. लांबी १४४ पटीने कमी होते, पण वजन १४४ च्या घनाने, म्हणजे सुमारे तीस लाख पटीने. २६३ मीटरची जपानी 'यामातो' १.८३ मीटरची होते; आपल्या रेल्वेच्या बर्थवर ठेवली तर प्रवाशाला उभे राहावे लागेल. तिच्या ७२,००० टनांचे होतात २४ किलो. 'मोल्टके' मात्र १.३० मीटर आणि पावणेआठ किलोच्या आसपास. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या 'फ्लेचर' वर्गाची विनाशिका: ८० सेंटिमीटर, आणि वजन जेमतेम ८०० ग्रॅम. एवढ्या भारात मोटर, बॅटरी, पंप, वायूची नळकांडी आणि तोफ बसवणे हे मुरलेल्या कारागिराचे काम. म्हणून 'लहानापासून सुरुवात करू' हा सहज सुचणारा विचार येथे फसतो.

मोठ्यापासून केली तरी फसगत होते, कारण वाट आडवी येते. ही अडचण जुनी आहे. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' उतरवल्यावर जर्मनीला तेवढ्याच मोठ्या नौका बांधायच्या होत्या, पण बाल्टिक आणि उत्तर समुद्र जोडणारा कील कालवा त्यांना अपुरा होता. तो रुंद करण्याचे काम १९०७ ते १९१४ चालले. अमेरिकेच्या 'आयोवा'ची रुंदी ३३ मीटरला किंचित कमी का? पनामा कालव्याची कुलुपे तेव्हा ३३.५ मीटर रुंद होती म्हणून. दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक फूटही जागा उरत नव्हती.

जपानने नेमका हाच धागा पकडला. पनामातून जाणाऱ्या नौकेवर १८ इंची तोफा मावणार नाहीत, तेव्हा आपण त्या बसवाव्यात, असा त्यांचा विचार होता. मग 'यामातो'साठी कुरे येथील गोदी खोल करावी लागली. तिची भावंड 'मुसाशी' नागासाकीत बांधली जात होती; तिच्या तोफा कुरेहून तेथे नेता याव्यात म्हणून 'काशिनो' नावाचे स्वतंत्र जहाजच बांधावे लागले! तोफ वाहण्यासाठी जहाज बांधणारे आरमार पाहिले की, नौकेसाठी मोठी मोटार घेणारा छांदिष्ट अगदीच वेडा वाटत नाही. आपल्या मराठा आरमाराची गुराबे आणि गलबते उथळ तळाची होती, तीही वाटेमुळेच. कोकणच्या खाड्यांत खोल तळाचे जहाज शिरत नाही.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आराखडा उघडण्याआधी टेप घ्यावी. मोटारीची मागची बाक पाडल्यावर लांबी किती, इमारतीच्या लिफ्टचा कर्ण किती, जिन्याच्या वळणावर काय अडते, हे मोजावे. मग पहिला मोसम कोणा जुन्या खेळाडूची नौका मागून घेऊन लढावे. बहुतेक ठिकाणी नवख्यासाठी एखादी राखून ठेवलेली असते. स्वतःची पहिली नौका 'मोल्टके'च्या मापाची असावी, असे माझे मत. आत हात घालून दुरुस्ती करण्याइतकी रुंद, एका माणसाने उचलण्याइतकी हलकी.

नेताना नौका स्वतःच्या तळावर कधीही ठेवू नये. तळाच्या आकाराची, फोम लावलेली लाकडी बैठक करावी आणि ती पेटीत पक्की बसवावी. बाल्साच्या कातडीवर पट्टा आवळला तर पहिले छिद्र शत्रूआधी आपणच पाडतो. डोलकाठ्या, धुराडी आणि वरचे मजले वेगळ्या डब्यात ठेवावेत. बॅटरी हीच बहुधा सर्वांत जड वस्तू. ती काढून जमिनीलगत ठेवावी, नाहीतर पहिल्या गतिरोधकावर ती सांगाड्यातून आरपार जाईल. वायूचा दाब आधीच सोडून द्यावा. भरलेले सिलिंडर विमानात नेता येत नाही, म्हणून दूरच्या स्पर्धेला जाणारे ते तेथेच भरून घेतात.

परतीचा प्रवास अधिक नाजूक असतो. बुडालेल्या नौकेतून दोरीला बांधलेला तरंगक वर येतो, त्यावरून ती सापडते. पण पोटात पाणी असताना ती झटक्यात उचलू नये. ते पाणी एका अंगाला धावते, त्याबरोबर सारा भारही धावतो आणि नौका हातातच उलटते. खऱ्या नौकाही अनेकदा याच कारणाने उलटल्या आहेत. छिद्र लहान होते, आत मोकळे फिरणारे पाणी घातक ठरले. म्हणून आधी नाक वर करून पाणी सावकाश ओतावे, विजेची जोडणी सोडवावी, झाकण उघडे ठेवून नौका वाळू द्यावी, आणि मगच पेटीत ठेवावी. छिद्रांची मोजणी तेवढी बुजवण्याआधी करून घ्यावी. समोरच्याचे गुण त्यावर ठरतात.