तंटामुक्तीचे बक्षीस आणि गावकुसाबाहेरचा माणूस

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील तिचे प्रवर्तक. गावाने आपले तंटे समितीपुढे मिटवावेत, नवे उद्‌भवू देऊ नयेत आणि शासनाने लोकसंख्येनुसार १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस द्यावे, अशी ही योजना. राज्यभर समित्या स्थापन झाल्या. त्यात आमचा वाशीम जिल्हाही आला.

बांधाचे, वाटणीचे कज्जे कोर्टाबाहेर मिटले, तर गरिबाचा वकिलावरचा खर्च वाचतो, हे मी नाकारीत नाही. माझा प्रश्न एवढाच की, तंटा मिटतो तेव्हा माघार कोण घेतो? बांधाच्या भांडणात दोघे शेतकरी बरोबरीचे असतात. जातीवरून शिवीगाळ झाली, बहिष्कार पडला, बाईवर हात टाकला गेला, तर एका बाजूला मजुरी देणारा असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच वावरात सोयाबीन सोंगणारा. अशा वेळी ‘मिटवून टाका’ हा उपदेश कोणाला होतो? अॅट्रॉसिटी कायद्यात तडजोडीची तरतूद नाही. पण फिर्यादच नोंदली गेली नाही तर कायदा गावात येणार कुठून? त्यात बक्षीस गुंतले की फिर्याद करणारा गावाचा नुकसानकर्ता ठरतो.

आपले आजे-पणजे गावपंचायतीच्या निवाड्याखालीच जगले. म्हणून तर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानाचा समाचार घेतला आणि मसुद्याने व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. मोहिमेच्या वर्षभर आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तिथे शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद आधीपासून धुमसत होता.

हिंसा रोखण्यासाठी गावाला पैसा द्यायला माझा विरोध नाही. त्याचे मोजमाप बदलले पाहिजे. पाणवठा सर्वांना खुला आहे काय? दलित वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता आहे काय? गायरान कसणाऱ्याला धमकी येते काय? १९९५च्या नियमांनी अत्याचारप्रवण क्षेत्रे हुडकण्याची जबाबदारी शासनावर आणि जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यावर टाकले आहे. गावाला गुण देण्यापूर्वी या समितीने वस्तीत येऊन हे प्रश्न विचारावेत, आणि नोंदलेल्या फिर्यादीपायी गावाचा एकही गुण कापला जाऊ नये.