स्नार्कची सागरसफर

स्नार्कची सागरसफर ही अमेरिकन लेखक जॅक लंडन (१८७६–१९१६) व त्यांच्या पत्नी चार्मियन लंडन (१८७१–१९५५) यांनी स्नार्क या शिडाच्या नौकेतून १९०७ ते १९०८ या काळात केलेली पॅसिफिक महासागरातील यात्रा होय. सात वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा या नवविवाहित दांपत्याचा संकल्प होता. तथापि आजारपणामुळे ऑस्ट्रेलियात यात्रा थांबवावी लागली व १९०९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील घरी परतले.

पार्श्वभूमी

जॅक व चार्मियन (माहेरच्या किट्रेज) यांचा विवाह १९ नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागो येथे झाला. जॅक यांचा हा दुसरा विवाह होता. त्याच वर्षी त्यांनी सोनोमा खोऱ्यातील ग्लेन एलन येथे शेतजमीन घेतली होती. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे नाविक जोशुआ स्लोकम यांच्या प्रवासवृत्तान्तावरून या दांपत्याला सागरसफरीची कल्पना सुचली. घर बांधण्याआधीच प्रवास करावा, असा त्यांचा निर्णय झाला.

नौकेची बांधणी

लुईस कॅरॉल यांच्या काव्यातील काल्पनिक प्राण्यावरून नौकेचे नाव ठेवण्यात आले. तिला दोन डोलकाठ्या व जोडीला एक इंजिन होते. बांधणी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. परंतु १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लाकूड, लोखंड व कारागीर या सर्वांचेच भाव वाढले. ७,००० डॉलरांचा अंदाज सुमारे ३०,००० डॉलरांवर गेला. प्रस्थानापूर्वीच इंजिन निकामी झाले आणि वाटेत तळातून पाणी गळत असल्याचे दिसून आले.

प्रवास

२३ एप्रिल १९०७ रोजी नौका निघाली. कप्तान रॉस्को ईम्स हे चार्मियन यांच्या मावशीचे पती होते. त्यांना खुल्या समुद्रात नौकेचे स्थान निश्चित करता येत नसल्याने जॅक यांनी पुस्तके वाचून ती विद्या प्रवासातच आत्मसात केली. २७ दिवसांनी नौका हवाई बेटांवर पोहोचली. तेथे जॅक लाटांवर फळीने स्वार होण्याचा खेळ शिकले व त्यावर त्यांनी लेख लिहिला. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत हे दांपत्य काही दिवस राहिले. या रोगाविषयी लोकांच्या मनात असलेली भीती अतिरंजित आहे, असे मत जॅक यांनी लेखातून मांडले.

ऑक्टोबर १९०७ मध्ये हिलो बंदर सोडल्यावर मार्केसास बेटांपर्यंत पोहोचण्यास ६० दिवस लागले. नळ उघडा राहिल्याने पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा वाया गेला आणि पाऊस पडेपर्यंत सर्वांना मोजून पाणी घ्यावे लागले. पुढे ताहिती, बोरा बोरा, सामोआ, फिजी व न्यू हेब्रिडीज (आजचे वानुआतू) करीत नौका १९०८ मध्ये सॉलोमन बेटांवर आली.

चार्मियन केवळ सहप्रवासी नव्हत्या. सुकाणूवर त्यांची नेमून दिलेली पाळी असे. जॅक रोज सुमारे १,००० शब्द लिहीत व ते मजकूर चार्मियन टंकलिखित करीत. नौकेचा खर्च याच लेखनावर चालत असे. ‘मार्टिन ईडन’ ही कादंबरी या प्रवासातच लिहून झाली.

आजारपण व परतीचा प्रवास

सॉलोमन बेटांवर जवळजवळ सर्वच प्रवाशांना हिवताप झाला. यॉज या उष्ण प्रदेशातील रोगाच्या जखमा बऱ्या होईनात. जॅक यांना भगंदराचा त्रास सुरू झाला. शिवाय हात सुजून त्यांची कातडी थरांनी निघू लागली. नोव्हेंबर १९०८ मध्ये आगबोटीने सिडनीस गेल्यावर त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. हातांच्या विकाराचे निदान मात्र तेथील डॉक्टरांना करता आले नाही, तेव्हा यात्रा सोडून देण्यात आली. हा निर्णय चार्मियन यांना फार जड गेला. स्नार्क सिडनीतच बांधणीखर्चाच्या अल्पांश किमतीत विकली गेली.

एप्रिल १९०९ मध्ये ‘टायमेरिक’ या मालवाहू जहाजाने ते इक्वेडोरला गेले आणि पनामा व न्यू ऑर्लिन्समार्गे जुलैत कॅलिफोर्नियास पोहोचले. मायभूमीच्या हवेत जॅक यांचे हात बरे झाले. उष्ण कटिबंधातील तीव्र सूर्यकिरणांमुळे तो विकार जडला, असा निष्कर्ष त्यांनी पुढे वाचनावरून काढला.

साहित्य

जॅक यांचे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ (१९११) हे लेखांचे संकलन असून त्यात संकटांचे वर्णनही विनोदी ढंगाने येते. चार्मियन यांचे ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ (१९१५) रोजनिशीच्या रूपात असल्याने दैनंदिन जीवन त्यात अधिक तपशिलाने आढळते. नौकेवरील स्वयंपाकी व पुढे चित्रपटकार म्हणून प्रसिद्धीस आलेले मार्टिन जॉन्सन यांनीही या सफरीवर पुस्तक लिहिले (१९१३). मळ्यांसाठी बेटवासी मजूर नेण्याच्या तत्कालीन व्यवहाराची माहिती या लेखनातून मिळते. लेखकांचे वंशविषयक ग्रह मात्र त्यांच्या काळाचे आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागते.

नंतरचा काळ

परतल्यावर हे दांपत्य ग्लेन एलन येथेच स्थिरावले. जून १९१० मध्ये जन्मलेली त्यांची कन्या दोन दिवसही जगली नाही. जॅक यांनी शेतजमीन वाढवून सुमारे १,४०० एकर केली. १९१३ मध्ये त्यांचे नवे दगडी घर राहायला जाण्यापूर्वीच जळाले. जॅक यांचे १९१६ मध्ये वयाच्या ४० व्या वर्षी निधन झाले. चार्मियन यांनी नंतर बांधलेल्या घरात आज संग्रहालय असून दक्षिण सागरातून आणलेल्या वस्तू तेथे पाहावयास मिळतात.