राजकन्या एलिझाबेथ आणि देकार्त : एका पत्रव्यवहाराचा विचार

देकार्तने आपला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा लॅटिन ग्रंथ १६४४ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्याने एका पंचवीस वर्षांच्या निर्वासित जर्मन राजकन्येस अर्पण केला. भूमितीत पारंगत असलेल्यांस तत्त्वमीमांसा उमगत नाही व तत्त्वमीमांसकांस भूमिती पेलत नाही. या दोन्ही शास्त्रांत सारख्याच सहजतेने वावरणारी बुद्धी आपणांस हिच्याच ठायी आढळली, अशा आशयाचा मजकूर त्या अर्पणपत्रिकेत आहे. राजघराण्यांस उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिका स्तुतिपर असावयाच्याच. म्हणून या मजकुराकडे बहुतेक इतिहासकारांनी शिष्टाचार म्हणूनच पाहिले, आणि एलिझाबेथची गणना ‘देकार्तची शिष्या’ या सदरात होऊन गेली. हे वर्णन कितपत ग्राह्य आहे, हे तिच्या स्वतःच्या पत्रांवरूनच ठरविले पाहिजे.

एलिझाबेथचा जन्म २६ डिसेंबर १६१८ रोजी हायडेलबर्ग येथे झाला. पिता पॅलॅटिनेटचा इलेक्टर पाचवा फ्रेडरिक. माता इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची कन्या. फ्रेडरिकने १६१९ साली बोहेमियाचा मुकुट स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईत तो मुकुट व पाठोपाठ वडिलार्जित राज्य, दोन्ही गमावली. कुटुंबाने हॉलंडमधील हेग येथे आश्रय घेतला. एलिझाबेथचे बालपण काही काळ आजीजवळ गेले. नंतर ती हेगला आली. पोलंडच्या राजाशी तिच्या विवाहाची बोलणी झाली होती. परंतु त्यासाठी कॅथलिक पंथ स्वीकारावा लागला असता व ते तिला मान्य नव्हते. ती अखेरपर्यंत अविवाहित राहिली. भावंडे तिला थट्टेने ‘ग्रीक’ म्हणत, यावरून तिच्या अध्ययनाची कल्पना यावी. हिची धाकटी बहीण सोफी ही पुढे हॅनोव्हरची इलेक्ट्रेस व लाइब्नित्सची स्नेही झाली. या दोघी बहिणींची गल्लत होऊ नये.

पत्रव्यवहारास मे १६४३ मध्ये आरंभ झाला, आणि तिच्या पहिल्याच पत्रात मुख्य आक्षेप आहे. देकार्तच्या मते आत्मा हे केवळ विचार करणारे द्रव्य. त्याला विस्तार नाही. शरीर हे विस्तारयुक्त द्रव्य. मग, एलिझाबेथ विचारते, असा आत्मा शरीराला हालवितो कसा? गती उत्पन्न व्हावयाची तर एका वस्तूने दुसरीस ढकलले पाहिजे. ढकलण्यास स्पर्श हवा आणि स्पर्शास विस्तार हवा. आत्म्याजवळ विस्तार नाही. सबब स्पर्शही नाही. हा प्रश्न बाहेरून आणलेला नसून देकार्तच्याच यंत्रवादी भौतिकशास्त्रातून निघालेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याची भौतिकी तिने गंभीरपणे घेतली, म्हणूनच त्याची तत्त्वमीमांसा तिला अडली.

देकार्तने उत्तरादाखल गुरुत्वाचा दृष्टान्त दिला. दगडाचे वजन त्यास खाली नेते अशी आपली कल्पना असते. तेथे वजन दगडाला स्पर्श करून ढकलते असे कोणी मानीत नाही. आत्म्याचेही तसेच समजावे. या उत्तरात मोठीच अडचण होती. वजन हा वस्तूहून वेगळा असा खरा गुण आहे, ही पंडिती समजूत देकार्तला स्वतःलाच अमान्य होती. एलिझाबेथने नेमके तेथेच बोट ठेवले: जी कल्पना खोटी म्हणून आपण खोडून काढणार आहात, तिच्या आधारावर दुसरी गोष्ट खरी कशी मानावी? पुढे ती असेही लिहिते की, अमूर्त वस्तूस शरीर हालविण्याची शक्ती बहाल करण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे आपणांस अधिक सोपे वाटते. देकार्तने मग तसे मानण्यास तिला खुशाल मुभा दिली आणि तत्त्वमीमांसेच्या चिंतनास वर्षातील थोडेच तास द्यावेत असा सल्ला दिला! १ जुलैच्या पत्रात तिचे समाधान झालेले दिसत नाही. आत्मा शरीरास हालवितो एवढे इंद्रिये दाखवितात, कसे हालवितो ते दाखवीत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या तीन महिन्यांच्या वादात सरशी तिचीच झाली आहे.

गणिताविषयी त्रोटकच लिहिता येते. तीन वर्तुळे दिली असता तिघांनाही स्पर्श करणारे चौथे वर्तुळ काढणे, हा अपोलोनियसचा प्राचीन प्रश्न १६४३ च्या उत्तरार्धात तिच्यापुढे ठेवण्यात आला. प्रश्न फार कठीण असल्याची रुखरुख देकार्तला लागली होती. पण तिने उत्तर पाठविले व ते त्यास पसंत पडले. तिचे उत्तर नष्ट झाले आहे. देकार्तची त्यासंबंधीची पत्रे मात्र उरली, आणि परस्परांस स्पर्श करणाऱ्या चार वर्तुळांविषयीचे जे प्रमेय आज त्याच्या नावाने ओळखले जाते, ते तिला लिहिलेल्या पत्रातच आढळते.

१६४५ साली एलिझाबेथ रेंगाळणाऱ्या तापाने व कोरड्या खोकल्याने आजारी होती. देकार्तने आजाराचे मूळ दुःखात आहे असे ठरवून सेनेकाचे वाचन सुचविले. घराण्याची वाताहत पाहिलेल्या या स्त्रीला, सुख हे सर्वस्वी आपल्या इच्छेच्या अधीन आहे हे पटणे शक्य नव्हते. काही व्याधी विचारशक्तीच हिरावून घेतात, मग विवेकाने सुखी व्हावयाचे कसे, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. मनोविकारांची व्याख्या करावी, असा आग्रह तिने त्याच वर्षी धरला. त्यातून जो मसुदा तयार झाला, त्यावर एप्रिल १६४६ मध्ये तिने शंका काढली की, मनोविकार कधी एकेकटे येतच नाहीत. तर प्रत्येकाची रक्तातील स्वतंत्र हालचाल आपण ओळखली कशी? प्रयोगशाळेतील परीक्षकाने विचारावी अशी ही शंका आहे. ग्रंथ १६४९ मध्ये छापला गेला.

१६४६ मध्येच तिचा भाऊ फिलिप याने हेगमध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्याचा वध केला. त्यानंतर ती ब्रांडेनबुर्गमधील आप्तांकडे गेली. देकार्तची व तिची पुन्हा भेट झाली नाही. फेब्रुवारी १६५० मध्ये देकार्त स्टॉकहोम येथे वारला. तेथील फ्रेंच वकील शानू याने, एलिझाबेथची पत्रे राणी क्रिस्टिनास दाखविण्याची परवानगी मागितली. तिने ती नाकारली व आपली पत्रे परत मागविली. क्लेर्सेलिएने १६५७ पासून देकार्तची पत्रे छापण्यास सुरुवात केली, तीत देकार्तने तिला लिहिलेली पत्रे आली; तिची एकही आली नाही. परिणामी सव्वादोनशे वर्षे वाचकांसमोर उत्तरे होती, प्रश्न नव्हते. उत्तरदाता तेवढा गुरू भासावा यात नवल नाही. तिच्या पत्रांच्या नकला आर्नहेमजवळील रोझेंडाल येथील वाड्याच्या ग्रंथालयात सापडल्या आणि फूशे द कारेय याने त्या १८७९ साली प्रसिद्ध केल्या.

नकारामागचा हेतू काय असावा? स्वतःच्या नावे ग्रंथ प्रसिद्ध करण्याची हौस तिला नव्हती हे उघड आहे. शिवाय या पत्रांत घरच्या आपत्ती, आजारपण व मनाची खिन्नता यांचा मोकळा उल्लेख असल्याने ती परक्या दरबारात वाचली जाणे तिला रुचले नसावे. तत्कालीन राजकन्येच्या दृष्टीने हे रास्तच होते. संशोधकाचे मात्र नुकसान झाले.

१६६७ साली ती हेरफोर्ड येथील लूथरपंथी मठाची अधिष्ठात्री झाली. ती स्वतः कॅल्व्हिनपंथी होती. १६७० मध्ये तिने लाबादीच्या छळ झालेल्या अनुयायांना तेथे आसरा दिला. त्यांत विदुषी आना मारिया फान स्खुरमान ही होती. शहरवासीयांचा विरोध इतका वाढला की त्या मंडळींस १६७२ मध्ये आल्टोना गाठावे लागले. विल्यम पेन १६७७ मध्ये, तर लाइब्नित्स त्यानंतरच्या वर्षी तिला भेटला. फेब्रुवारी १६८० मध्ये तिचे हेरफोर्ड येथेच निधन झाले.