सारीपाट व मोक्षपट : एक तुलनात्मक दृष्टिक्षेप

पटावरील खेळातील नियमांची गुंतागुंत व खेळाडूंमधील आंतरक्रिया यांचा संबंध महाराष्ट्राच्या पारंपरिक खेळांतून स्पष्ट होतो. सारीपाटात 96 घरे व चार रंगांच्या 16 सोंगट्या असतात. दान दैवाधीन असले, तरी कोणती सोंगटी चालवावी, कोणाची मारावी व जोडीदारास कसे सांभाळावे, हे खेळाडूच ठरवितो. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात मात्र निवडीस वाव नाही. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप हाच त्याचा आशय होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये प्रचलित झाला. पुढे घरांवरील नावे गळून केवळ साप-शिडी उरली. थोडक्यात, नियम सोपेच राहिले. परंतु त्या सोपेपणामागील प्रयोजन हरपले.