नाव कॅलिफोर्नियाचं, विहीर आपली

संत्र्यामुळे आपल्या वरूडला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. नाव आपण कौतुकानं सांगतो. पण अमेरिकेतल्या त्या कॅलिफोर्नियाच्या विहिरींचं काय झालं, ते आज ऐका.

तिथे १९७९ साली विहिरींच्या पाण्यात डीबीसीपी नावाचं औषध सापडलं. मुळं खाणाऱ्या सूत्रकृमी मारायला ते जमिनीत सोडत. १९८५ साली कायदा झाला आणि शेतीची औषधं पाण्यात उतरतात का, ते सरकार विहिरी तपासून पाहू लागलं. फ्रेस्नो आणि तुलारे या संत्र्याच्या जिल्ह्यांत सिमाझिन, डाययुरॉन, ब्रोमॅसिल ही तणनाशकं विहिरींत निघाली. रेताड जमिनीतून ती पाण्याबरोबर खाली झिरपली. कडक जमिनीवरून पावसानं वाहून ती शोषखड्ड्यांत गेली. २००४ साली नियम आला : वाहतं पाणी अडवायची सोय नसलेल्या विहिरीपासून १०० फुटांच्या आत औषध कालवायचं नाही, पंप धुवायचा नाही.

आपल्याकडे तण काढणं हे बायांचं काम. डवरा फिरला की मागं राहिलेलं आपण खुरप्यानं काढायचो. निंदणाची मजुरी हीच कितीतरी घरांत बाईच्या हातातली रोकड. पुढं निंदणाला बाया मिळेनात, मजुरी परवडेना, मग वावरात पाठीवरचा पंप आला. त्यात शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पण ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. २०२२ साली केंद्र सरकारनंही त्याच्या वापरावर निर्बंध घातले.

वरूड तालुक्यात पाण्याचा उपसा फार. लोक ‘डार्क झोन’ म्हणतात. म्हणूनच २०१६ साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेच्या तीन तालुक्यांत वरूड होता. बायाही कुदळ-घमेलं घेऊन चर खोदायला गेल्या. पाणी जिरवलं, हे चांगलंच झालं. पण जिरणारं पाणी वाटेतलं औषधही सोबत नेऊ शकतं.

गावात पाणी तपासायची जी पेटी येते, तिच्यात नायट्रेट, फ्लोराइड कळतं; तणनाशक कळत नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते. म्हणून आधी जपणंच बरं. आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. विहिरीवर, बोअरवर किंवा नाल्यात पंप धुवायचा नाही. १०० फूट लांब धुवायचा. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्याला वापरायचा नाही. बागेतलं गवत कापून झाडाच्या आळ्यात अंथरायचं. तण दबतं, ओलही टिकते.

पिण्याच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत पाठवा, ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायची. पाणी घरी आणतो आपण, तेव्हा ते कसं आहे हे विचारायचा हक्कही आपलाच. तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.